प्रकाश थांबत नाही, आणि खर्च तिथेच वाढतो

फायबर दारात आलं की आता सगळं प्रकाशाने चालतं असा समज होतो. तो अर्धाच खरा आहे. गुहागरातून कुणी मुंबईच्या लेकाला काजूच्या मोहोराचा फोटो पाठवला, तर तो घरातून प्रकाश होऊन निघतो. पण पुढे जिथे जिथे वाटा फुटतात, तिथे त्या प्रकाशाची वीज केली जाते. ती चिपच्या मेमरीत ठेवली जाते, पुढचा पत्ता वाचला जातो आणि मग दुसरा लेझर तोच मजकूर पुन्हा प्रकाशात घालून सोडतो. मुंबई येईपर्यंत हे बऱ्याचदा होतं. दर वेळी वीज जळते, उष्णता निघते आणि ती उष्णता घालवायला एसी लागतो.

मग प्रकाशच परस्पर वळवला तर? वळवता येतो. १९९० च्या दशकात युरोपातल्या 'कीऑप्स' प्रकल्पाने पॅकेटं, म्हणजे मजकुराचे तुकडे, प्रकाशातच ठेवून इकडची तिकडे वळवून दाखवली होती. त्यानंतर जपान, अमेरिका, युरोप सगळीकडे यंत्रं बनली, निबंध आले, कित्येकांच्या पीएचड्या झाल्या. तरी असं वळवणारं यंत्र, म्हणजे ऑप्टिकल पॅकेट स्विच, ही वस्तू टेलिफोन कंपन्यांच्या खोल्यांत सर्रास दिसत नाही, कारण ती परवडत नाही. म्हणून या विषयातलं गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं बरंचसं काम 'कसं करायचं' यापेक्षा 'स्वस्तात कसं करायचं' यावर झालंय. माझ्या मते त्यातला सगळ्यात रंजक भागही तोच आहे.

ब्रेक नसलेली गाडी

इंटरनेटवरचा मजकूर तुकड्यातुकड्यांनी जातो. नेहमीचं मोठं पॅकेट १५०० बाइटचं, म्हणजे १२,००० बिटांचं. सेकंदाला १०० गिगाबिट या वेगाने ते पाठवायला १२० नॅनोसेकंद लागतात. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे तेवढ्या वेळात तो २४ मीटर पुढे जातो. फायबरमध्ये पळणाऱ्या त्या पॅकेटची लांबीही तेवढीच भरते, रेल्वेच्या एका डब्याएवढी.

डबा म्हटलंच आहे तर कोकण रेल्वेच डोळ्यांपुढे आणा. रोहा ते वीर दुहेरी झालं, पण पुढे बराचसा मार्ग अजून एकेरीच. आपली गाडी कुठल्याशा लहान स्टेशनात लूप लाइनवर उभी राहते, माणसं खाली उतरून पाय मोकळे करतात, समोरची सुपरफास्ट धडधडत निघून जाते आणि मग आपल्याला सिग्नल मिळतो. क्रॉसिंग. वाटा फुटतात तिथे बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक राउटरमध्ये हेच चालतं. दोन पॅकेटांना एकाच वेळी एकाच लाइनवरून बाहेर पडायचं असलं तर एक जातं आणि दुसरं मेमरीत उभं राहतं. प्रकाशाच्या गाडीला मात्र ब्रेकच नाही. ती लूपवर घेतली तरी धावतच राहणार. त्यामुळे लूप इतका लांब हवा, की गाडी त्यात धावत असतानाच समोरची निघून जाईल.

म्हणजेच प्रकाशाला थांबवायचं तर फायबरची गुंडाळी करायची आणि त्याला त्यातून फिरवून आणायचं. दुसरा व्यवहार्य मार्ग नाही. १९९९ साली लेने हाऊ आणि सहकाऱ्यांनी अतिथंड सोडियम अणूंच्या ढगातून जाणाऱ्या प्रकाशाचा वेग सेकंदाला १७ मीटरपर्यंत खाली आणला होता. प्रयोग थक्क करणारा आहे, पण त्यासाठी निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ जावं लागतं. एक्स्चेंजच्या कपाटात ते जमणारं नाही.

मग गुंडाळी किती लांब लागेल? राउटर बनवणाऱ्यांचा जुना नियम असा होता, की लाइनवर पाव सेकंदात जेवढा मजकूर येतो तेवढा साठवायची सोय ठेवावी. मेमरीत ते सहज होतं. फायबरमध्ये पाव सेकंद म्हणजे ५०,००० किलोमीटर, विषुववृत्ताला एक वेढा घालून वर दहा हजार किलोमीटर शिल्लक! हा नियम जोवर पाळायचा होता, तोवर ऑप्टिकल पॅकेट स्विच कागदावरच राहणार होता.

तो नियम ढिला केला तो फायबरच्या तज्ज्ञांनी नव्हे, इंटरनेटवरच्या वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्यांनी. २००४ साली स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी दाखवलं, की एका लाइनवरून हजारो वेगवेगळे प्रवाह जात असतील तर त्यांचे चढउतार एकमेकांत मिसळून जातात आणि साठवण पुष्कळ कमी पुरते. पुढे त्याच वर्तुळातून आणखी धाडसी निष्कर्ष आला. पाठवणारे पॅकेटं थोडी अंतर राखून सोडत असतील आणि लाइन अगदी काठोकाठ भरायची नसेल, तर दहा-वीस पॅकेटांपुरती जागाही चालते. वीस पॅकेटं गुणिले २४ मीटर म्हणजे ४८० मीटर फायबर. ते हाताच्या पंजाएवढ्या रिळावर मावतं, आणि फायबर तर स्वस्तच आहे.

महाग पडतात ते त्या लूपच्या तोंडाशी बसवायचे सांधे. पॅकेट लूपमध्ये घ्यायला एक गेट, बाहेर काढायला एक गेट, वाटेत प्रकाशाची होणारी झीज भरून काढायला अ‍ॅम्प्लिफायर. शिवाय एकदा लूपमध्ये गेलेलं पॅकेट मधेच बाहेर काढता येत नाही. लूपचा फेरा जेवढा आहे तेवढं थांबणं भागच. आणि दर फेऱ्याला अ‍ॅम्प्लिफायर थोडा गोंगाट मिसळतो. फेरे वाढत गेले की एक कुठला आणि शून्य कुठला हे रिसीव्हरला ओळखता येईनासं होतं.

गेटं मोजा

अशा स्विचची किंमत ढोबळमानाने काढायची असेल तर आत प्रकाश अडवणारी किती गेटं आहेत ते मोजायचं. नॅनोसेकंदांत उघडमीट करणारं नेहमीचं गेट म्हणजे सेमीकंडक्टर ऑप्टिकल अ‍ॅम्प्लिफायर, थोडक्यात एसओए. विद्युतप्रवाह दिला की तो आलेला प्रकाश वाढवून पुढे सोडतो, प्रवाह काढला की गिळून टाकतो. काम चोख, पण प्रत्येक गेटाला स्वतःचा विद्युतप्रवाह लागतो आणि तापमान सांभाळावं लागतं.

६४ लाइन आत, ६४ बाहेर असा स्विच सरळधोपट करायचा, तर प्रत्येक आत येणारी लाइन प्रत्येक बाहेरच्या लाइनला जोडायची आणि प्रत्येक जोडावर एक गेट ठेवायचं. ६४ गुणिले ६४, म्हणजे ४,०९६ गेटं. आयबीएम आणि कॉर्निंग यांनी २००० च्या दशकात 'ऑस्मोसिस' नावाचा ६४ लाइनचा, दर लाइनला ४० गिगाबिटचा नमुना बांधला. त्यांची युक्ती मला फार आवडते. त्यांनी ६४ लाइन आठ-आठच्या गटांत घेतल्या. एका गटातल्या आठ लाइनना आठ वेगवेगळे रंग दिले आणि ते आठही एकाच फायबरमध्ये घातले. झाली आठ फायबरं, प्रत्येकात आठ रंग. आता बाहेरच्या लाइनला ६४ पैकी एक पॅकेट उचलायचं असेल, तर आधी आठांतलं एक फायबर निवडायचं आणि मग त्यातला आठांतला एक रंग. ६४ गेटांच्या जागी ८ अधिक ८, म्हणजे १६. एकूण ४,०९६ वरून आकडा १,०२४ वर येतो. नवा पदार्थ नाही, नवा शोध नाही, नुसती मांडणी बदलली.

(रंग म्हणतोय ते समजण्यापुरतं. हे सगळे प्रकाश १,५५० नॅनोमीटरच्या आसपासचे, अवरक्त असतात. डोळ्यांना काही दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणून चालू फायबरच्या तोंडात कुणी डोकावून पाहू नये.)

मांडणीने पैसे वाचवण्याची ही परंपरा टेलिफोनच्या काळापासूनची आहे. बेल लॅब्जमधल्या चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ साली दाखवलं, की एका मोठ्या स्विचऐवजी लहान स्विचच्या तीन रांगा लावल्या तर जोड कमी लागतात. १०० लाइनसाठी १०,००० ऐवजी ५,७००. आणि चालू जोडण्या वेळोवेळी इकडच्या तिकडे हलवायची तयारी असेल तर ३,००० सुद्धा पुरतात. मात्र पॅकेटच्या दुनियेत ही हलवाहलव दर १२० नॅनोसेकंदांनी करावी लागते, आणि कुणाला कुठून न्यायचं हे ठरवणारी इलेक्ट्रॉनिक चिपच मग महाग होऊन बसते. शिवाय तीन रांगा म्हणजे प्रकाशाची तीनदा झीज. कागदावर वाचलेली गेटं अ‍ॅम्प्लिफायरच्या रूपाने परत येऊ शकतात. या विषयावरचा निबंध वाचताना फक्त गेटांचा आकडा देऊन किंमत उतरल्याचं सांगितलेलं दिसलं, की मी आधी झिजेचा तक्ता शोधतो.

गेटाचा एक गुण मात्र खराखुरा पैसे वाचवणारा आहे. त्याला आतले बिट दिसतच नाहीत. १० गिगाबिटचा प्रकाश असो की १०० चा, त्याच्या दृष्टीने तो नुसता उजेड. एक रंग जावो की दहा रंग एकत्र, दार एकदाच उघडायचं. जपानच्या 'एनआयसीटी' या संस्थेने हेच धरून एक पॅकेट दहा रंगांवर पसरवलं. दर रंगावर १० गिगाबिट, मिळून १००, आणि ते सगळं एकाच झटक्यात वळवलं. इलेक्ट्रॉनिक स्विचमध्ये वेग दसपट करायचा तर काम दसपट वाढतं. इथे गेट तेच राहतं. प्रकाशाने स्विच करण्याच्या बाजूचा मला पटणारा सर्वांत मोठा मुद्दा हा आहे.

एकाच रंगाची दोन पॅकेटं

क्रॉसिंगचा पेच सोडवायला गुंडाळीशिवाय आणखी एक मार्ग असतो. एका फायबरमध्ये अनेक रंग जातात. तेव्हा दोन लाल पॅकेटं एकाच फायबरकडे निघाली, तर एकाला हिरवं करून टाकायचं. दोघं एकाच वेळी, एकाच फायबरमधून, थांबल्याशिवाय जातात. इथे मेमरीही लागत नाही आणि लूपही लागत नाही.

याने किती फरक पडतो ते मोजून पाहू. समजा स्विचला ८ फायबरं येतात आणि प्रत्येकात १६ रंग आहेत. एकूण १२८ मार्ग. प्रत्येक मार्ग निम्मा वेळ भरलेला आहे आणि पॅकेटं कुठल्या फायबरकडे जाणार हे अगदी यादृच्छिक आहे. म्हणजे दर क्षणाला सरासरी ६४ पॅकेटं दाराशी येतात. रंग बदलायची सोय नसेल तर एकाच फायबरचा एकच रंग मागणाऱ्या पॅकेटांची टक्कर होते, आणि साध्या संभाव्यतेने हिशेब केला तर ६४ पैकी बाराच्या वर पॅकेटं जागा न मिळाल्याने वाया जातात. शंभरात एकोणीस. असं जाळं कुणी फुकटही घेणार नाही. आता कुठल्याही पॅकेटाला कुठलाही रंग देता आला, तर वाया जाणारी पॅकेटं हजारात एकाच्याही खाली येतात. तीच फायबरं, तीच गर्दी.

अडचण अशी, की प्रकाशाचा रंग प्रकाशानेच बदलणारं यंत्र हा अख्ख्या स्विचमधला सगळ्यात महाग भाग असतो. प्रत्येक मार्गाला एक म्हणजे १२८ यंत्रं. पण वरचाच हिशेब पुन्हा पाहा. दर क्षणाला रंग बदलावा लागतो तो साधारण बारा पॅकेटांना. बाकीची आपल्या रंगात सरळ निघून जातात. मग १२८ यंत्रं बसवून ११६ रिकामी का ठेवायची? मधोमध यंत्रांचा एक सामायिक साठा ठेवायचा आणि ज्याला गरज पडेल त्याने तिकडून फेरी मारून जायचं. बारा ही सरासरी आहे. वरखाली होण्याची मुभा धरून ३२ ठेवली तरी कमी पडण्याची वेळ क्वचितच येईल. किमतीतला सगळ्यात जड आकडा एकदम पाव झाला. स्वस्त ऑप्टिकल पॅकेट स्विचवरच्या संशोधनाचा मोठा हिस्सा याच कल्पनेभोवती फिरतो: साठा अख्ख्या स्विचला मिळून एक ठेवायचा की बाहेरच्या प्रत्येक फायबरला वेगळा, आणि यंत्राने कुठलाही रंग द्यायचा की फक्त शेजारचे दोन-चार.

सामायिक साठाही फुकट मिळत नाही. तिथवर जायला आणि परत यायला स्विचमध्ये ३२ जादा दारं लागतात, म्हणजे पुन्हा गेटं आली. शिवाय खरी वाहतूक यादृच्छिक नसते. ती लोंढ्याने येते. गणपतीच्या आदल्या आठवड्याची गाड्यांची गर्दी वर्षाच्या सरासरीवरून काढता येत नाही, तसंच.

इथे माझं मत सांगतो. ते सगळ्यांना पटेल असं नाही. सामायिक साठ्यात ३२ यंत्रं ठेवायचीच असतील, तर ती शुद्ध प्रकाशाची असावीत हा हट्ट कशाला? अडलेल्या पॅकेटाची सरळ वीज करा, साध्या मेमरीत ठेवा, जागा मोकळी झाली की हव्या त्या रंगाच्या लेझरने परत सोडा. या एका फेरीत रंगही बदलतो, थांबायची सोयही होते आणि वाटेत साचलेला गोंगाटही पुसला जातो. लूप नको, महाग रंगबदलही नको. ज्यांची टक्कर झाली नाही अशी शंभरातली ऐंशी पॅकेटं प्रकाशातच निघून जातात. फक्त उरलेल्या वीसांसाठी वीज लागते. प्रयोगशाळेतून बाहेर पडण्याची शक्यता मला दिसते ती अशा मिश्र मांडणीलाच. पूर्ण प्रकाशाचा स्विच ऐकायला देखणा वाटतो, पण त्या देखणेपणाचे पैसे कुणीतरी भरायचे असतात.

खांबावरचा जोड आणि चिपवरचा जोड

महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झाल्यापासून जेसीबीने केबल तोडली नाही असा महिना आमच्या भागात विरळा. तोडलेली फायबर जोडताना एकदा जवळ उभं राहून बघावं. वायरमन फायबरवरचा रंगीत प्लास्टिकचा थर सोलतो, काच स्पिरिटने पुसतो, छोट्या यंत्रात तिचं टोक काटकोनात कापतो आणि दोन्ही टोकं जोडयंत्रात समोरासमोर ठेवतो. पडद्यावर दोन जाड काठ्या दिसतात, यंत्र त्यांना आपोआप एका रेषेत आणतं, क्षणभर ठिणगी पडते आणि काच काचेत विरघळते. पडद्यावर आकडा येतो: झीज ०.०२ डेसिबल. पावसात छत्री धरून, सायकलच्या ट्यूबने बांधलेल्या पेटीजवळ हे चाललेलं असतं, आणि तरी जोड उत्तम बसतो. काचेची जाडी १२५ मायक्रॉन, त्यातला प्रकाश वाहणारा गाभा ९ मायक्रॉनचा. दोन्ही बाजूंना सारखाच गाभा असल्यामुळे हे इतकं सोपं जातं.

हीच फायबर सिलिकॉनच्या चिपला जोडायची म्हटलं की चित्र पालटतं. चिपवरची प्रकाशवाट जेमतेम अर्धा मायक्रॉन रुंद आणि पाव मायक्रॉनहून कमी जाड असते. ९ मायक्रॉनच्या गाभ्यातला प्रकाश तिच्यात शिरवायचा तर चिपच्या काठाशी खास निमुळती वाट कोरावी लागते, फायबर मायक्रॉनच्या अंशाइतक्या अचूकतेने धरून चिकटवावी लागते, आणि तापमान बदललं तरी ती हलता कामा नये. चिप छापायला फार पैसे लागत नाहीत. एका तबकडीवर शेकडो निघतात. पैसे जातात ते या बांधणीत. म्हणून स्वस्त स्विचच्या आराखड्यात गेटांइतकंच लक्ष किती फायबरं आत-बाहेर जातात याकडे असतं. पाच सुटे भाग फायबरने जोडण्यापेक्षा तेच पाच भाग एका चिपवर कोरले तर आठ-दहा सांधे वाचतात. ऑस्मोसिसची आठ रंग एका फायबरमध्ये घालण्याची युक्ती गेटांसोबत सांधेही वाचवते, हे सहसा कुणी बोलून दाखवत नाही.

मधल्या यंत्राला वीजच नको

त्याच खांबावरच्या पेटीत आणखी एक वस्तू असते, स्प्लिटर. एका फायबरचा प्रकाश तो ३२ घरांत वाटतो, आणि त्याला वीज लागत नाही. आषाढात वादळवाऱ्याने लाइट गेली तरी स्प्लिटर चालूच, कारण ती नुसती काच आहे. जे यंत्र विजेवर चालत नाही ते तापत नाही, सहसा बिघडत नाही आणि त्याला बॅटरी लागत नाही. मग स्विचच असा करता येईल का?

बऱ्याच अंशी येतो. अ‍ॅरेड वेव्हगाइड ग्रेटिंग नावाची काचेची चिप असते. तिच्यात प्रकाश कुठल्या दाराने बाहेर पडणार हे त्याच्या रंगावर ठरतं. पहिल्या दारातून आलेला एक रंग तिसऱ्यातून बाहेर, दुसरा रंग चौथ्यातून. गेट एकही नाही. म्हणजे पॅकेट कुठे जाणार हे ठरवायचं असेल तर ते सोडतानाच योग्य रंगात सोडायचं. सगळी करामत कडेला बसलेल्या, झटपट रंग बदलणाऱ्या लेझरकडे गेली आणि मधे उरली निव्वळ काच. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० साली 'सिरियस' नावाने हेच मांडलं. त्यांनी बनवलेली लेझर चिप एका नॅनोसेकंदाच्या आत रंग बदलते. शिवाय त्यांनी कुणाला कधी जाऊ द्यायचं हे ठरवणारा मधला मेंदूही काढून टाकला. प्रत्येक संगणकाने ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे आळीपाळीने प्रत्येक दाराकडे बोलायचं, आपल्याकडे जास्त माल असेल तर तो इतरांमार्फत फिरवून पाठवायचा. टक्कर होतच नाही, त्यामुळे मधे साठवणही नको. काही मजकूर दोनदा प्रवास करतो एवढीच त्याची किंमत.

खर्चाचा शेवटचा चोर वेळ. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेलं प्रत्येक पॅकेट वेगळ्या तेजाचं असतं आणि त्याच्या घड्याळाचा ठेकाही वेगळा असतो. रिसीव्हरला जुळवून घ्यायला थोडा अवधी लागतो आणि तेवढा वेळ लाइन फुकट जाते. घरगुती फायबरमध्ये हाच प्रश्न रोज सोडवला जातो. ३२ घरांची यंत्रं एका फायबरवर आळीपाळीने बोलतात आणि एक्स्चेंजमधलं यंत्र प्रत्येकाशी नव्याने जुळवून घेतं. जीपॉन या घरगुती फायबरच्या पद्धतीत या जुळवाजुळवीला ९६ बिटांचा, म्हणजे सुमारे ७७ नॅनोसेकंदांचा वेळ दिलेला आहे. घराघरांतल्या इंटरनेटसाठी तो ठीक. पण १२० नॅनोसेकंदांच्या पॅकेटापुढे ७७ ची तयारी म्हणजे जवळपास चाळीस टक्के लाइन वाया. सिरियसच्या प्रयोगात हा सगळा अवधी चार नॅनोसेकंदांच्या आत आणला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजबरोबर केलेल्या कामात त्यांनी एक साधी गोष्ट वापरली. प्रत्येक पाठवणाऱ्याचा ठेका रिसीव्हर लक्षात ठेवतो, पुढच्या खेपेला नव्याने शोधत नाही. वाया जाणारा वाटा तीन टक्क्यांवर येतो.

पण स्पर्धा कुणाशी आहे?

असा स्विच रत्नागिरीच्या एक्स्चेंजमध्ये बसेल का? नाही, आणि गरजही नाही. तिथली वाहतूक इलेक्ट्रॉनिक राउटर आरामात पेलतो. गरज आहे ती ऐरोली-महापेच्या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरांसारख्या ठिकाणी. तिथे हजारो संगणक एकमेकांशी अखंड बोलत असतात आणि विजेचं बिल हा खर्चातला मोठा आकडा असतो.

तिथे समोर उभी आहे सिलिकॉन चिप, आणि ती काही बसून राहिलेली नाही. ब्रॉडकॉम या चिप कंपनीची एकच स्विच चिप २०२२ साली सेकंदाला ५१.२ टेराबिट हलवत होती, २०२५ साली तिच्या पुढच्या पिढीत तो आकडा १०२.४ झाला. ऑप्टिकल पॅकेट स्विचचा नमुना तयार होऊन, तपासून, कारखान्यात जाईपर्यंत इलेक्ट्रॉनिक स्विच दुप्पट झालेला असतो. तीस वर्षं हेच होत आलंय.

दुसऱ्या बाजूने गूगलने पॅकेटचा नाद सोडून प्रकाश वळवला. त्यांच्या डेटा सेंटरांत १३६ गुणिले १३६ दारांचे स्विच आहेत. त्यांत अतिसूक्ष्म आरसे कलतात आणि प्रकाश एका फायबरमधून दुसऱ्यात उडवतात. शिवाय एकाच फायबरमधून दोन्ही दिशांनी प्रकाश नेऊन त्यांनी लागणारी दारं निम्म्यावर आणली. २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी जाळ्याचा भांडवली खर्च ३० टक्के आणि वीज ४१ टक्के कमी झाल्याचं सांगितलंय. त्यांच्या ४,०९६ चिपांच्या टीपीयू व्ही-४ या एआयसाठीच्या संगणकात असे ४८ स्विच आहेत आणि एकूण किमतीत त्यांचा वाटा पाच टक्क्यांहूनही कमी. पण आरसा कलायला काही मिलिसेकंद लागतात. एका मिलिसेकंदात १०० गिगाबिटच्या लाइनवरून आठ हजारांहून जास्त पॅकेटं निघून जातात, म्हणून त्यांचा उपयोग वाट दीर्घकाळ तीच राहणार असेल तिथेच. ज्या कामात वाट दर पॅकेटाला बदलते आणि तरी विजेचं बिल परवडत नाही, तेवढीच जागा ऑप्टिकल पॅकेट स्विचसाठी उरते. तिथे शिरायचं तर झटपट रंग बदलणारे लेझर पुष्कळ स्वस्त व्हायला हवेत, कारण सिरियससारख्या मांडणीत प्रत्येक संगणकाच्या दाराशी एक लागतो.